गेंती नंतर, आधी पाण्याची बाटली

रविवारी सकाळी साडेसहाला इंदूरच्या तेजाजी नगरच्या चौकात नवी मुलं जमतात, तेव्हा मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की आज कोणालाही गेंती, म्हणजे कुदळ, मिळणार नाही. चेहरे पडतात. एखाद्याने नवेकोरे हातमोजे घेतलेले असतात. एखादा कॅनडातली मंडळी लाकडी फळ्यांवरून सायकलने उड्या मारताना बघून आलेला असतो आणि इथेही संध्याकाळपर्यंत तसलं काहीतरी उभं राहणार अशी त्याची समजूत असते. मी प्रत्येकाच्या हातात दोन लिटरची भरलेली बाटली देते. पिण्याची वेगळी, ही ओतायची.

डोंगरी सायकलींच्या वाटेवर काम करायला नवखे हात कसे तयार करावेत, असं मला दोन-तीन जणांनी विचारलं म्हणून हे लिहितेय. मी स्वतः सायकल चालवत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी जलसंसाधन विभागात मानचित्रकार होते. एकतीस वर्षं तलावांचे आणि कालव्यांचे कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, ओढले, आधी ट्रेसिंगच्या कागदावर आणि शेवटी शेवटी कॉम्प्युटरवर. २०१९ साली निवृत्त झाले. भाच्याला या सायकलींचं वेड, आणि माझ्या दिरांची सिमरोलच्या पुढे सोळा बिघे पडीक टेकडी. सागाची तुरळक झाडं, पळस, बोराटी, घाणेरीची जाळी आणि खाली त्यांचं सोयाबीन. ‘मावशी, तू फक्त नकाशा करून दे,’ एवढ्यावर भाच्याने मला नेलं. नेलं ते नेलंच. मुलं ट्रेल म्हणतात, मी वाट म्हणते. आज ती पावणेदोन किलोमीटर आहे आणि तिच्यातले निदान तीनशे मीटर आम्ही दोनदा बांधलेले आहेत.

दोनदा का, ते सांगते, कारण शिकवण्याची सुरुवात मी तिथूनच करते.

मी जाण्याआधी, २०२१च्या जानेवारी-फेब्रुवारीत, मुलांनी चार रविवार खपून माथ्यावरून थेट खालच्या लिंबापर्यंत वाट खणली होती. नाकासमोर सरळ, सव्वाशे मीटर. शेताचे रखवालदार काका मूळचे झाबुआकडचे. तिकडे भिल्लांमध्ये हलमा असतो, म्हणजे गावाचं काम निघालं की जो तो आपापली गेंती आणि तगारी, म्हणजे घमेलं, घेऊन येतो आणि मजुरी न घेता राबतो. त्यामुळे शहरातली पोरं रविवारी फुकट माती उपसतात याचं त्यांना काहीच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते वाटेचं. म्हणाले, ‘बई, वां से तो ढोर बी नी उतरे.’ ते कोणी मनावर घेतलं नाही. जून संपता संपता पाऊस लागला आणि जुलैअखेर त्या वाटेची ओघळ झाली. मी टेपने मापली, तर एका जागी ४२ सेंटिमीटर खोल. तिथला मुरूम खाली जाऊन सोयाबीनच्या दोन ओळींवर बसला. भाऊजी महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि ती वाट मी खणलेली नव्हती तरीही.

ती ओघळ आम्ही बुजवलेली नाही. पाणी वरच्या बाजूने वळवलं, मध्ये दगडांचे आडवे थर रचले आणि बाकी तशीच ठेवली. नव्या मुलांचा तो पहिला वर्ग. तिच्यात उभं राहून मी विचारते, ‘हे कोणी केलं?’ सगळे म्हणतात, पावसाने. मग मी म्हणते की शेजारी पाच हातांवर तोच पाऊस पडला, तिथे गवत जसंच्या तसं आहे.

मग बाटल्या. जुन्या वाटेवर दर वीस पावलांवर एकेक जण उभा राहतो आणि वाटेच्या डोंगराकडच्या कडेला हळूहळू पाणी ओततो. बघायचं एवढंच की पाणी दोन-तीन पावलांत दरीकडच्या कडेवरून बाहेर जातं, की वाटेचाच नाला करून खाली धावतं. बाहेर गेलं तिथे काही करायचं नाही. धावलं तिथे झुडपाला लाल फीत बांधायची आणि कुठवर धावलं ते पावलांनी मोजून वहीत लिहायचं. दोन तासांत पूर्ण वाट होते. एकदा एका मुलीने विचारलं, ‘काकू, हे पाणी पुढे कुठे जातं?’ तिला वर नेऊन दाखवलं. सिमरोलच्या पुढे विंध्याच्या माथ्यावर पाण्याची वाटणी होते. उत्तरेकडचे ओढे क्षिप्रा-चंबळ धरून यमुनेला जातात आणि दक्षिणेचे चोरलसारख्या नद्यांतून नर्मदेला. म्हणजे बाटली अलीकडे ओतली तर बंगालचा उपसागर आणि पलीकडे ओतली तर अरबी समुद्र. तिने अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे ओतली. असली मुलं टिकतात, असा माझा अनुभव आहे.

परवानगीचं एकदाच आणि स्पष्ट

हे सगळं आमच्या खासगी जमिनीवर चालतं, भाऊजींच्या लेखी संमतीने. चोरल, महू, मानपूरकडचं बरंच रान वन विभागाचं आहे आणि राळामंडळ तर अभयारण्यच. तिथे ‘जरासं झुडूप कापलं’ हेसुद्धा चालत नाही. वनजमिनीवर वाट हवी असेल तर आधी रेंज ऑफिसात जायचं, अर्ज द्यायचा आणि उत्तर येईपर्यंत फावडा घरी ठेवायचा. स्वतःच्या जमिनीवरसुद्धा शेजाऱ्यांच्या गुरांची वाट कुठून जाते ते विचारून घ्या. गुरं वाट बदलत नाहीत, सायकलवाल्यांनी बदलावी.

आधी डागडुजी

माझं एक ठाम मत आहे आणि त्यावरून भाच्याशी दर वर्षी वाद होतो. नव्या माणसाला पहिले तीन रविवार नवी वाट खणायला द्यायचीच नाही. जुनीचीच दुरुस्ती करायला लावायची. भाचा म्हणतो, मुलं कंटाळून पळतील. काही पळतातही. पण जो माणूस बुजलेला उतार मोकळा करून आलाय, तो नवी वाट खणताना ती कुठे बुजेल हे आधीच बघतो. आमच्याकडे सगळ्यात वाईट काम मजबूत अंगाच्या, उत्साही आणि पहिल्याच दिवशी गेंती मिळालेल्या मुलांनी केलेलं आहे.

दुरुस्तीतलं निम्मं काम एकच असतं, आणि ते म्हणजे वरंबा काढणं. वाट नवी असताना ती दरीकडे किंचित कललेली असते. चाकं मधून मधून जातात, मध्यभाग दबतो, सुटी माती बाहेरच्या कडेला ढकलली जाते आणि वर्षभरात कडेला बोटभर उंचीचा वरंबा तयार होतो. शेतात सरी-वरंबा पाणी धरायलाच काढतात ना? इथेही तो पाणी धरतो आणि वाटेची सरी होते. नवख्याला हा वरंबा दिसत नाही, कारण त्यावर गवत उगवलेलं असतं आणि ते छान दिसतं. गवतासकट काढायचा. दंताळ्याने सैल करायचा, फावड्याने खरवडायचा आणि निघालेला चांगला मुरूम वाटेच्या दबलेल्या मध्यात भरून ठोकायचा. गवताची ढेकळं खालच्या उतारावर दूर फेकायची.

फेकताना ‘दूर’ हा शब्द मी दहादा उच्चारते. कडेलाच टाकली की पुढच्या वर्षी तोच नवा वरंबा.

दुसरं काम काटे-फांद्यांचं. वाटेच्या दोन्ही बाजूंना आणि वर अडीच मीटरपर्यंत मोकळं हवं. घाणेरी कापून उपयोग नाही, दुप्पट फुटते. पाऊस पडून गेल्यावर सब्बलने, म्हणजे पहारीने, मुळासकट उपटायची. फांदी कापताना गुडघ्याच्या उंचीवर तिरपी टोकदार खुंटी सोडू नका, कोणी पडला तर ती पोटात जाते. खोडालगत किंवा जमिनीलगत कापायची. सागाला हात लावायचा नाही, वाट वळवायची. आणि बाभळीची कापलेली एकूण एक काटकी उचलायची. आमच्या तिसऱ्या रविवारी एकाने बाभूळ छाटून वाटेवरून नुसती बाजूला सरकवली. त्या दिवशी सहा सायकलींचे अकरा पंक्चर झाले. पंक्चर काढत बसलेल्या भाच्याचं तोंड अजून आठवतं.

हत्यारं आणि ती धरायची कशी

इंदुरात सगळं मिळतं: गेंती, फावडा, सब्बल, तगारी, माती ठोकायचा दुरमुस, दंताळं, घडीची करवत. विदेशी चित्रांत एक हत्यार फार दिसतं, मॅक्लाउड. एका बाजूला रुंद पातं आणि दुसरीकडे जाड दात. अमेरिकेतल्या वनरक्षकांनी आग रोखण्यासाठी ते शंभरेक वर्षांपूर्वी तयार केलं आणि वाटेची जमीन सारखी करायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. आम्ही रस्त्याकडेला बसणाऱ्या लोहाराकडून ट्रकच्या कमानीच्या पट्टीचे दोन बनवून घेतले. पहिल्याचा दांडा आखूड झाला, माझ्या उंचीला बरोबर. तो माझा.

नियम पाठ करून घ्या. काम करताना दोघांत तीन मीटर अंतर. चालताना हत्यार हातात, पातं खाली, दरीकडच्या हातात. घसरलात तर ते दरीत टाकून देता येतं. खांद्यावर कधीच नाही. एका डिसेंबरात एक मुलगा गेंती खांद्यावर टाकून चालला होता. मागून कोणी हाक मारली, तो वळला आणि गेंतीचं टोक मागच्या मुलीच्या कपाळापासून वीतभर अंतरावरून गेलं. कोणाला लागलं नाही. तरी आम्ही त्या दिवशी काम तिथेच थांबवलं आणि मुकाट्याने पोहे खाल्ले. तेव्हापासून मागून जाणारा ‘आलो’ म्हणतो, काम करणारा हत्यार जमिनीला टेकवून ‘या’ म्हणतो आणि मगच पुढे जायचं. मोठी माणसं या ‘आलो-या’ला हसतात. हसू द्या, पण म्हणवून घ्या.

दगड उलथताना आणखी एक. पलीकडची कड सब्बलने किंवा हातमोजा घातलेल्या हाताने उचलून दगड आपल्याकडे उलथायचा, म्हणजे खाली विंचू किंवा साप असला तर त्याला पळायला पलीकडची बाजू मोकळी मिळते. आपली कड उचललीत तर तो तुमच्या पायांवर येईल. माळव्याच्या मुरमात ही भीती पुस्तकी नाही. दर हिवाळ्यात आम्हाला दोन-चार विंचू भेटतात.

उतार मोजायला शिकवणं

हा माझा आवडता भाग, त्यामुळे इथे मी लांबण लावणार.

टक्के म्हणजे काय, ते मुलांना रेल्वेवरून सांगते. पातालपाणीहून कालाकुंडला उतरणारी जुनी मीटर गेजची लाईन आठवा. तिकडच्या घाटात चढ चाळीसास एक, म्हणजे चाळीस मीटरला एक मीटर, अडीच टक्के. गाडीला तेवढाही जड जातो. आमच्या वाटेची सरासरी सात टक्के आहे आणि दहाच्या वर आम्ही थोड्याच जागी, तेही कातळावर, गेलो आहोत. दहा टक्के सरासरीची मर्यादा ही इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने रूढ केलेली. ही संस्था अमेरिकेत १९८८ साली सुरू झाली आणि जगभर वाटा बांधणारे तिचे आडाखे वापरतात. दुसरा आडाखा याहून कामाचा आहे: वाटेचा उतार टेकडीच्या सरळ खाली जाणाऱ्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. जास्त झाला की पाणी वाट ओलांडण्याऐवजी वाटच धरतं.

टेकडीचा उतार मोजायला एक मीटरची पट्टी पुरते. एक टोक जमिनीला टेकवा, पट्टी खालच्या दिशेने स्पिरिट लेव्हलने आडवी धरा आणि दुसऱ्या टोकाखाली किती सेंटिमीटर मोकळे राहतात ते मोजा. तेवढे टक्के. तीस आले तर निम्मे पंधरा, पण आपली मर्यादा दहा, म्हणून दहा. सहा आले तर वाट तीनच्या वर नको, आणि खरं तर तिथे वाटच नको. सपाट जागा बघून नवखे हुरळतात, खणायला सोपी म्हणून. सपाटीवर पाण्याला बाहेर जायला जागा नसते. त्यात आपल्याकडे सपाटीवर काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि ओल्यात सायकल दहा मीटर गेली की चाक आणि त्याला धरणारा फोर्क यांच्यामध्ये पुरणासारखी ठासून बसते. वाट मुरमाच्या उतारावरच ठेवायची.

वाटेचा उतार आखायला ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी ‘ए’च्या आकाराची चौकट. पाणलोटाच्या कामावर सलग समतल चर आखायला हीच वापरतात. दोन बांबू वर एकत्र बांधा, खाली पायांत बरोबर दोन मीटर अंतर ठेवा, मध्ये आडवी पट्टी आणि वरून ओळंबा सोडा. गवंड्याचा मिळाला तर उत्तम, नाहीतर सुतळीला दगड. दोन खुणांवर पाय ठेवून सुतळी पट्टीवर कुठे येते ते पेन्सिलने आखा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा आणि पुन्हा आखा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये सपाटीची रेघ. आता सपाट सापडलेल्या जागी एका पायाखाली दहा सेंटिमीटरचा ठोकळा ठेवा: दोन मीटरला दहा सेंटिमीटर, म्हणजे पाच टक्क्यांची रेघ. वीस सेंटिमीटरला दहा टक्क्यांची. दुसऱ्या बाजूलाही तशाच आखा. झालं यंत्र. मोबाइलवर यासाठी ॲप असतात आणि मुलं लगेच ती काढतात. मी थांबवत नाही. पण दोन बांबू घेऊन टेकडीवर दोन-दोन मीटर चालत गेल्यावर उतार पायात बसतो, तसा स्क्रीनवर बघून बसत नाही.

एकतीस वर्षं मी कंटूर ओढले. टेकडीवर एका कंटूरवरून दुसऱ्यावर स्वतःच्या पायांनी पहिल्यांदा गेले ती निवृत्तीनंतर.

नवी वाट: एकेकाला तीन मीटर

चौथ्या रविवारी गेंती मिळते. प्रत्येकाला तीन मीटरचा तुकडा, आणि सकाळभरात तेवढाच नीट झाला तर पुष्कळ.

आधी पालापाचोळा, गवताची मुळं आणि वरची काळपट माती तगारीत काढून वरच्या अंगाला जपून ठेवायची. वाटेत ती नको, कारण ती पाणी धरते आणि दबत नाही. शेवटी खणलेल्या मागच्या भिंतीवर पसरायला ती लागते, तिच्यातूनच गवत पुन्हा धरतं.

मग खणणं. इथे सगळे एकच चूक करतात. सत्तर सेंटिमीटरची वाट हवी असेल तर पस्तीस डोंगरात खणतात आणि निघालेली माती दरीकडे पसरून बाकीची पस्तीस बनवतात. मेहनत निम्मी, दिसायला तीच. पहिल्या पावसात भरावाचा भाग खाली बसतो आणि वाट अर्धी होते. तेव्हा पूर्ण सत्तर सेंटिमीटर न हललेल्या, मूळच्या मुरमातच कोरायची. तपासायला मी बाहेरच्या कडेवर टाच आपटते. टाच रुतली तर भराव आहे, आणखी आत जा. निघालेली माती पेरल्यासारखी खालच्या उतारावर लांबवर उडवायची, ढीग नको. मागची भिंत सरळ उभी सोडली की पावसात वाटेवरच कोसळते. ती पंचेचाळीस अंशांपर्यंत किंवा त्याहून सौम्य तासायची.

वाट दरीकडे किती कललेली हवी? चार-पाच टक्के, म्हणजे सत्तर सेंटिमीटरला तीन-साडेतीन सेंटिमीटर. डोळ्यांना जवळजवळ सपाट वाटतं. त्यासाठी लिंबू. पोह्यांसाठी आणलेलं एक लिंबू मागच्या भिंतीलगत ठेवायचं. उतरत्या वाटेवर ते तिरपं घरंगळतं, पण दोन पावलांत बाहेर पडायला हवं. वाटेनेच खाली निघालं तर कल कमी आहे. जास्त कललं तर चाक घसरतं, म्हणून तेही नको.

मुरूम दाबायला ओल लागते. मूठभर घेऊन लाडू वळा: वळला, हाताला चिकटला नाही आणि उंचावरून टाकल्यावर दोन-तीन तुकडे झाले, तर दुरमुस घ्या. लाडू वळतच नसेल तर पाणी शिंपडा. चिकटत असेल तर त्या दिवशी दुसरं काम करा.

रपटा

हा शब्द आमच्या मुलांनी दिला आणि मला फार आवडला. मध्य प्रदेशात रपटा कोणाला सांगावा लागत नाही: रस्ता ओढ्यात उतरतो, पाणी वरून जातं आणि रस्ता पुन्हा चढतो. वाटेवर तेच, लहान. वर सांगितलेला कल वर्ष-दोन वर्षांत दबून नाहीसा होणारच. तेव्हा वाट वाचते ती रपट्यांमुळे. उतरत चाललेली वाट मध्येच तीन-चार मीटर किंचित चढवायची आणि पुन्हा उतरवायची. पाणी चढत नाही. खोलगट भागात पोचलं की मुकाट्याने बाहेर जातं. आमच्या टेकडीवर दर बारा-पंधरा मीटरला एक आहे. सायकलवाल्यांना हे फार आवडतं, त्यांना वाटतं मजेसाठी लाटा केल्यात. त्यांचा गैरसमज मी दूर करत नाही.

रपटा आखतानाच करावा: ए-फ्रेमने फिती बांधत उतरायचं, दोन फिती वर चढवायच्या, पुन्हा उतरायचं. जुन्या वाटेत बसवायचा असेल तर खोलगट खणून निघालेल्या मातीचा पुढे उंचवटा करून ठोकायचा. खोलगटाचं बाहेरचं तोंड दीड मीटर तरी रुंद हवं आणि तिथला कल थोडा जास्त. नवखे हमखास अरुंद नाली खणतात, हातभर रुंद. ती एका पावसात गाळाने भरते आणि त्याआधी पुढचं चाक अडकवते. वाटेत आडवं लाकूड पुरण्याचा सल्लाही कोणी देईल. ओल्या लाकडावर चाक सटकतं, मागे गाळ साचतो आणि पाणी त्यावरून उडी मारून पुढे जातं. आम्ही एक लाकूड पुरलं होतं, काढलं.

जिथे ओल मरतच नाही तिथे दगड बसवायचा. धरणाच्या उताराला पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करतात ते मी आयुष्यभर नकाशावर दाखवलं, त्यामुळे इथे जरा फुशारकी मारते. काळा पत्थर, लांबट, चपटी बाजू खाली नव्हे. उभा, पुस्तकं कपाटात लावतो तसा, दोन तृतीयांश जमिनीत. फटीत लहान चिपा ठोकायच्या. उभं राहून हललात आणि दगड हलला, तर उपसून पुन्हा. हे काम एका जोडीला सकाळभरात एक मीटर होतं आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही, का कोण जाणे. वळणांचं काम मात्र मी नव्यांना पहिलं वर्षभर देत नाही.

कधी

मुरूम मऊ असतो तो पाऊस उघडल्यापासून, म्हणजे सप्टेंबरअखेर ते डिसेंबर. खणायचं ते तेव्हा. जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी आणि दगडकाम. मार्चनंतर दहाच्या आत सगळे घरी; एप्रिल-मेमध्ये गेंती मारली तर ठिणग्या उडतात, जमीन उघडत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या रपट्यांची तोंडं साफ, हे काम चुकवायचं नाही.

पावसाळ्यात वाट दोरी बांधून बंद. चाकाला माती चिकटली तर वाट ओली आहे, परत फिरा, एवढा एकच नियम सायकलवाल्यांना लावतो. मागचा ब्रेक करकचून चाक घासत नेणाऱ्यांना मी वेगळं बोलावून त्यांनी पाडलेली चरी दाखवते. पण आम्ही स्वतः पावसात जातोच, पायी, छत्र्या घेऊन. जोराची सर चालू असताना वाटेवर उभं राहणं हा खरा वर्ग. मागच्या जुलैत भाचा, मी आणि तीन मुली तासभर भिजत एका रपट्याजवळ उभ्या होतो. पाणी यायचं, खोलगटात थांबायचं, गोल फिरायचं आणि बाहेर जायच्या ऐवजी उंचवट्यावरून हळूच पुढे सरकायचं. एका मुलीने बुटाच्या टाचेने बाहेरच्या तोंडाशी चार बोटं माती ओढली. सगळं पाणी तिकडे वळलं. तिथे नंतर फावडा लावावाच लागला नाही.

काम संपलं की हत्यारं मोजायची, वहीत लिहायची आणि मगच डबे उघडायचे. पोहे घरून नेतो, वर शेव आणि जिरावन मसाला. जिलेबी आणायची पाळी लावलेली आहे. कचऱ्याचं इंदूरच्या मुलांना सांगावं लागत नाही, असं मी अभिमानाने म्हणत असे, शहर २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं आलं म्हणून. पण धबधब्यांच्या वाटेवर कुरकुऱ्यांची पाकिटं टाकणारेही आमचेच. आता पोत्याची पाळीही लावलेली आहे.

वहीत शेवटचा रकाना ‘पुढच्या वेळी’ असा आहे. या आठवड्यात तिथे लिहिलंय: रपटा ११, तोंड अरुंद, गाळ चार बोटं, नव्यांसाठी राखून ठेवणे. बाटल्या भरून ठेवल्यात.